छपराखाली दोन

मी एक जुनी पाटी आहे. पण मित्रांनो, माझ्यावर आजवर कुणी पेन्सिल चालवलेली नाही. मी दगडाची नाही, मला लाकडी चौकटही नाही. मी ॲल्युमिनियमची आहे आणि माझ्या अंगभर भोके आहेत. पंचवीस ओळी, प्रत्येक ओळीत अठरा, अशी एकूण चारशे पन्नास. प्रत्येक भोकाला आठ कोपरे. छापखान्यात असतात तसे शिशाचे छोटे खिळे या भोकांत बसवतात. खिळ्याच्या एका टोकाला बारीक दांडी असते आणि दुसऱ्या टोकाला दोन टोचे. दांडी ज्या कोपऱ्याकडे वळवाल तसा आकडा बदलतो. खिळा उलटा केला की आणखी आठ खुणा मिळतात. ज्या मुलांना डोळ्यांनी दिसत नाही ती माझ्यावर बोटांनी गणित करतात.

माझा जन्म एका मोठ्या साच्यात झाला. तापलेल्या पत्र्यावर साचा दाबला गेला आणि एका दमात माझी सगळी भोके पडली. आम्ही सहा बहिणी एकाच खोक्यात, गवताच्या गादीवर निजून निघालो आणि आगगाडीने सौराष्ट्रात आलो. जामनगरपासून बसने दोन तासांवर एक गाव आहे, तिथल्या अंधशाळेत आम्हाला उतरवले. लाभशंकरभाई नावाचे गुरुजी तिथे गणित शिकवत. त्यांना स्वतःलाही दिसत नसे. वर्गात खिळ्यांची टकटक सुरू झाली की ते कान देऊन बसत आणि एखादी टक उशिरा आली की म्हणत, "कोण अडलं? हातचा विसरलात ना?" ती माझी भरभराटीची वर्षे.

लाभशंकरभाई निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी गणिताला दुसरे माणूस आले नाही. मग शाळेने ठरवले की आठवीपासून मुलींनी गणिताऐवजी संगीत घ्यावे. नियमात तशी सवलत होतीच. पेट्या आल्या, तबले आले. माझ्या बहिणी कुठे कुठे गेल्या ते मला कळले नाही. मी स्वयंपाकघरात गेले. तिथल्या जीवीमा चहाची मोठी तपेली चुलीवरून उतरवून माझ्यावर ठेवू लागल्या. माझ्या भोकांतून वाफ जात असे, त्यामुळे त्यांना मी फार सोयीची वाटे. सात वर्षे मी ते काम केले. तक्रार करत नाही, पण ते माझे काम नव्हते.

एके दिवशी दहावीतली एक मुलगी पाण्याचा तांब्या न्यायला आली. तिचा हात चुकून माझ्या कडेला लागला आणि तिथेच राहिला.

"जीवीमा, हे काय आहे?"

"तपेलीखालचं आहे. हात भाजेल, बाजूला हो."

"याला आठ कोपरे आहेत."

"असतील बाई. मी कधी मोजले नाहीत."

"या भोकाला आठ. याही भोकाला आठ." तिची बोटे पुढे सरकत होती. "जीवीमा, सगळ्यांना आठ आहेत!"

तिचे नाव रळियात. सहा वर्षांची असताना गोवराच्या तापात तिची दृष्टी गेली होती. ती या शाळेत आली तेव्हा लाभशंकरभाई निवृत्त होऊन वर्ष झाले होते, त्यामुळे माझी तिची गाठ कधी पडलीच नव्हती. सातवीपर्यंतचे हिशेब ती तोंडी शिकली होती, त्यापुढे पेटी.

त्या दिवसापासून तिने खिळे शोधायला सुरुवात केली. काही जीवीमांच्या डब्यात मिऱ्यांबरोबर पडले होते. काही लहान मुलींनी खेळायला घेतले होते. एक तर संगीताच्या खोलीत डुगडुगणाऱ्या पेटीखाली दडपलेला होता. शोधून शोधून एकेचाळीस मिळाले. ते कसे वापरायचे हे सांगणारे कुणी नव्हते. मित्रांनो, तिने काय केले असेल? तिने स्वतःची रीत बसवली. आपल्या उजव्या हाताशी येणारा कोपरा एक, तिथून पुढचा दोन, असे फिरत फिरत आठ. खिळा उलटला की नऊ, मग शून्य, मग अधिक, मग वजा. माझी खरी रीत वेगळी आहे. लाभशंकरभाईंचा एक जिथे असे, तिथे रळियातचा पाच आला. पण तिच्या रीतीने केलेली बेरीजही तितकीच बरोबर येत होती. मी पहिल्यांदा थक्क झाले ती तेव्हा. मला वाटायचे, आकडे माझ्या कोपऱ्यांत राहतात. ते तर तिच्याजवळ होते.

दिवाळीची सुटी संपली आणि रळियात मला छातीशी धरून मोठ्या बाईंच्या खोलीत गेली. भानुमतीबेन त्यांचे नाव, सगळे त्यांना मोटाबेन म्हणत. त्यांना दिसत असे.

"मोटाबेन, मला संगीत सोडून गणित घ्यायचंय."

"पुढच्या जन्मी का?" भानुमतीबेन हसल्या. मग तिचा चेहरा पाहून त्यांनी हातातला कागद खाली ठेवला. "अगं, मार्चमध्ये परीक्षा आहे. आज नोव्हेंबर उजाडला. संगीताचे फॉर्म बोर्डाकडे गेलेसुद्धा. आणि संगीतात तुला ऐंशी कुठे गेले नाहीत."

"म्हणूनच नको आहे."

"म्हणजे?"

"सुटीआधी पाहुणे आले होते. मी गायले. दुसऱ्या कडव्यात माझा सूर सरळ सरळ घसरला. तुम्हाला कळलं होतं ना?"

"कळलं होतं."

"मग त्यांनाही कळलं असेल. तरी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एका बाईंनी तर माझ्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणाल्या, बिचारी किती गोड गाते!" रळियातचा आवाज चढला नाही, पण माझ्या कडेवरची तिची बोटे घट्ट झाली. "मला असं काहीतरी करायचंय मोटाबेन, की माझं चुकलं तर समोरचा म्हणेल, चुकलं."

भानुमतीबेननी खुर्ची पुढे ओढली. मग त्यांनी एक जुनी गोष्ट सांगितली. सहा वर्षांपूर्वी दोन मुली हट्टाने गणिताला बसल्या होत्या. दोघी नापास झाल्या. दुसऱ्याच दिवशी त्यांच्या वडिलांनी येऊन त्यांच्या कपड्यांच्या पेट्या उचलल्या, आणि एकीचे तर त्याच वर्षी लग्न लावून दिले.

"मला तो दिवस पुन्हा बघायचा नाही," त्या म्हणाल्या. "मी तुला अडवू शकत नाही. पण शाळेतून बसवूही शकत नाही. शिकवायला माणूस नाही, मी सही कशावर करू? तुला बाहेरून बसावं लागेल. नाव काढून घरी जावं लागेल. आणि नापास झालीस, तर ही जागा पुन्हा तुझी राहणार नाही. बाहेर किती मुली ताटकळल्यात तुला माहीत आहे."

"माहीत आहे."

"विचार कर."

"सुटीभर केला."

मग भानुमतीबेन उठल्या, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, "ही घेऊन जा. इथे तिची आठवण कुणाला येणार आहे?" अशी मी त्या शाळेतून निघाले.

रळियातचे घर जामनगरात खंभाळिया नाक्याजवळच्या एका गल्लीत होते. तिचे वडील वशरामभाई पितळेचे सुटे भाग करणाऱ्या एका छोट्या कारखान्यात लेथ चालवत. आई पुरीबेन घरी बसून बांधणीच्या गाठी मारत असे. कापडाची बारीक चिमटी नखाने उचलायची, दोऱ्याचे वेढे द्यायचे, पुढची चिमटी. दिवसभरात हजार-हजार गाठी. रळियात कपड्यांची पेटी घेऊन दारात उभी राहिली तेव्हा वशरामभाई जेवायला घरी आले होते. त्यांच्या हातातला रोटल्याचा तुकडा तसाच राहिला.

"चार महिन्यांत? आणि शिकवणार कोण?"

"पुस्तक शिकवेल, बापुजी."

"पुस्तक वाचून दाखवणार कोण? मी सकाळी आठला जातो तो दिवेलागणीला येतो."

 मग पुरीबेन कापडातून मान वर न करताच म्हणाली, "मी वाचीन."

"तू?" वशरामभाईंना हसू फुटले. "चार बुकं शिकलीस, त्यालाही पंचवीस वर्षं झाली!"

"मग? तेवढ्यात अक्षरं बदलली का?"

वशरामभाईंनी रोटल्याचा तुकडा ताकात बुडवला आणि जेवू लागले.

दुसऱ्या दिवसापासून शाळा भरली. दुपारच्या उन्हाची तिरीप ओसरीवर आली की पुरीबेन मांडीवर कापड आणि समोर दहावीचे पुस्तक उघडे ठेवून बसे. रळियात मला मांडीवर घेई. पुरीबेनला शब्द वाचता येत, आकडेही येत. पण पुस्तकात पानोपानी अशी चित्रविचित्र चिन्हे होती, जी तिने जन्मात पाहिली नव्हती. तिने ती सांगायची आणि रळियातने ओळखायची, असा खेळ सुरू झाला.

"इथे एक फुली आहे. मारतो ना आपण चुकीवर, तशी."

"गुणाकाराची का?"

"नाही गं, ही एकटीच उभी आहे. आणि तिच्या डोक्यावर इवलासा दोन बसलाय. त्याच्यापुढे अधिक. मग एक बेचकी."

"बेचकी?"

"चिमण्या मारतात ती. दोन फांद्यांची."

अशा प्रकारे त्या घरात बीजगणिताला फुल्या आणि बेचक्या आल्या. दोन फुल्या अधिक तीन बेचक्या बरोबर तेरा. फुली म्हणजे आपल्याला ठाऊक नसलेला आकडा, हे रळियातला तिसऱ्या दिवशी उमगले. डोक्यावरचा दोन म्हणजे तो आकडा त्यानेच एकदा गुणायचा, हे आठव्या दिवशी. माझ्याकडे अक्षरांचे खिळे नव्हते, तेव्हा फुलीसाठी ती खिळा बसवत नसे, भोक मोकळे सोडे. ठाऊक नाही, म्हणून मोकळे! मला सगळ्या आयुष्यात कुणी माझ्या रिकामेपणाला अर्थ दिला नव्हता.

एका दुपारी पुरीबेन एका ओळीवर अडली. "इथे एक वाकडी काडी आहे. तिला टेकून वर लांब छप्पर घातलंय. छपराखाली दोन बसलाय."

"छप्पर? नुसतं?"

"नुसतं. पाऊस लागू नये म्हणून घातल्यासारखं."

रळियातने दोन दिवस डोके खाजवले. तिसऱ्या दिवशी तिने आईला विचारले, "बा, अशी छपरं पुढे कुठे आहेत का बघ. आणि त्यांच्यापुढे बरोबरची खूण असेल तर सांग."

पुरीबेनने बोट लावत पान शोधले. "आहेत. छपराखाली चार, बरोबर दोन."

"आणखी?"

"छपराखाली नऊ, बरोबर तीन."

"थांब. थांब बा, तू सांगू नकोस." रळियात उठून उभी राहिली, मी तिच्या मांडीवरून जवळजवळ पडलेच. "छपराखाली सोळा असेल, तर बरोबर चार."

पुरीबेनने पुढची ओळ वाचली आणि तिच्या हातातला दोरा सुटला. "तुला कसं कळलं? हे तर मी अजून वाचलंच नाही!"

"स्वतःला स्वतःने गुणून आत जायचं, आणि छपराखालून बाहेर यायचं!" रळियात टाळ्या वाजवत ओसरीभर फिरली. शेजारच्या बायका डोकावून पाहू लागल्या. पुरीबेनने पुस्तकाकडे पाहिले, मुलीकडे पाहिले आणि पदराने उगाचच पुस्तकाचे पान पुसले.

आता रळियातला पहिल्या छपराने झपाटले. छपराखाली दोन, तर बाहेर काय? एक म्हणावे तर एक गुणिले एक एकच. दोन म्हणावे तर चार. मध्येच कुठेतरी असणार. पुस्तकात पुढे रीत दिली होती. ती आईकडून तीनदा वाचून घेऊन रळियात माझ्यावर बसवू लागली. एक, मग दशांश, मग चार, एक, चार, दोन. खिळे संपले. तिने वरच्या ओळी मोकळ्या करून पुढे मांडले. एक, तीन. पुन्हा संपले.

संध्याकाळी वशरामभाई आले तेव्हा ती म्हणाली, "बापुजी, असे खिळे तुमच्या लेथवर होतील?"

त्यांनी माझा एक खिळा उचलला, अंगठ्याने दांडी चाचपली, मग मला उलटसुलट करून एका भोकाचे माप नखाने घेतले. "होतील की. पितळेच्या चौकोनी कांबीचे तुकडे पडलेलेच असतात. शेठला विचारतो. किती पाहिजेत?"

"माहीत नाही. तो आकडा संपतच नाही."

तिसऱ्या दिवशी रुमालात बांधून चाळीस पितळी खिळे आले. शिशापेक्षा ते कडक होते, माझ्या भोकांत कुरकुरत बसत. रळियातने त्यांच्यावरून गाल फिरवला. आठवड्याने आणखी चाळीस आले. आकडा पुढे सरकला. पाच, सहा. वशरामभाई रोज जेवताना विचारत, "काय, पोचला का मुक्कामाला?" आणि ती मान हलवून नाही म्हणे.

मग एका दुपारी पुरीबेनने पुढचे पान उलटले आणि अक्षर अक्षर लावून वाचले की दोनचे वर्गमूळ दशांशात मांडले तर ते कधीच संपत नाही, आणि त्यातले आकडे कुठल्याही ठरावीक क्रमाने पुन्हा पुन्हा येत नाहीत. संध्याकाळी रळियातने हे वडिलांना सांगितले.

"कधीच म्हणजे?" वशरामभाईंनी विचारले.

"कधीच म्हणजे कधीच. सगळ्या जामनगरातलं पितळ आणलंत तरी."

"मग मी इतके दिवस खिळे कशाला करत होतो?" ते म्हणाले, आणि तिघेही हसत सुटले. हसू ओसरल्यावर वशरामभाई माझ्याकडे बघत राहिले. "आमच्याकडे दशांशाच्या पुढे दोन घरं बघतात. फार कडक गिऱ्हाईक असलं तर तीन. तीस वर्षं मला वाटत होतं, त्याच्यापुढे काही नसतंच."

मित्रांनो, मला माझ्या चारशे पन्नास भोकांचा फार अभिमान होता. जगातले सगळे आकडे माझ्यात मावतात, असा माझा समज होता. त्या संध्याकाळी मला कळले, की एका साध्या दोनाचे मूळसुद्धा माझ्यात मावत नाही. पण वाईट वाटले नाही. समुद्र पहिल्यांदा पाहणाऱ्याला आपला तांब्या लहान आहे याचे वाईट वाटते का?  

मार्च आला. परीक्षेच्या केंद्रावर रळियातला एक वेगळी खोली आणि एक लेखनिक दिली. रळियातने सांगायचे आणि तिने लिहायचे. जिला दहावीचे गणित येत नाही अशीच मुलगी द्यायची, असा नियम. आठवीतली तरुलता मिळाली. बोलघेवडी होती आणि गणिताला माझ्या रळियातपेक्षा जास्त घाबरलेली होती. तिच्यावर लक्ष ठेवायला एक वयस्क पर्यवेक्षक होते. त्यांनी मला पाहून कपाळाला आठ्या घातल्या.

"हे काय आणलंय? खेळ आहे का?"

"माझी पाटी आहे, साहेब. मला परवानगी आहे. कागद फायलीत आहे."

त्यांनी कागद दोनदा वाचला. मला उचलून पालथे करून पाहिले, हलवून पाहिले. "बरं. पण ही खडखड जरा हळू."

तरुलताने पहिला प्रश्न वाचला. "एक्स वर्ग वजा पाच एक्स अधिक सहा बरोबर शून्य असल्यास एक्सची किंमत काढा."

रळियातचा चेहरा पांढरा पडला. "काय काढा?"

"एक्सची किंमत."

"एक्स म्हणजे?"

तरुलता गोंधळली. मी तर थिजले. चार महिने आम्ही खपलो आणि पहिल्याच ओळीत हे कोण आले? रळियातला इंग्रजी मुळाक्षरे येत होती, पण ब्रेलच्या उठावदार ठिपक्यांची. छापील एक्स दिसतो कसा, हे तिला कधीच कळायचे कारण नव्हते. आणि तिच्या आईला त्याचे नाव माहीत नव्हते.

"एक्स म्हणजे... असं आहे बघ," तरुलता हवेत बोट फिरवू लागली, मग लक्षात येऊन तिने रळियातचा तळहात ओढला आणि त्यावर बोटाने दोन रेघा काढल्या. एक अशी, एक तशी.

"अगं, फुली!" रळियात इतक्या जोरात ओरडली की पर्यवेक्षक खुर्चीतून उठले. "फुली म्हण ना मग! आणि बेचकी आली तर बेचकी म्हण. दोन आणि तीन, लिही. फुली बरोबर दोन किंवा तीन. थांब, आधी रीत सांगते."

"फुली लिहू?" तरुलताने घाबरून विचारले.

"लिहिताना तुझं ते एक्स लिही!"

त्यानंतर दोन तास आमचे छान जमले. तरुलता वाचे, रळियात मांडे, पर्यवेक्षकांचेही खडखडीकडे लक्ष गेले नाही. आणि मग तरुलताने पुरवणी घ्यायला हात लांब केला, तिचे कोपर मला लागले आणि मी शेजारच्या खिळ्यांच्या डबीसकट बाकावरून खाली कोसळले.

एकशे एकवीस खिळे खोलीभर उधळले. काही कपाटाखाली गेले, काही दाराबाहेर. अर्धे मांडलेले गणित नाहीसे झाले. तरुलता रडायला लागली.

"रडू नकोस," रळियात म्हणाली. "पाटी वर दे. किती वेळ राहिला?"

"पन्नास मिनिटं. मी गोळा करते, मी आत्ता..."

"गोळा करायला अर्धा तास जाईल. बस. पुढचा प्रश्न वाच."

"पण खिळे?"

"वाच."

तरुलताने नाक पुसत वाचले. लागोपाठच्या दोन नैसर्गिक संख्यांचा गुणाकार तीनशे सहा आहे, त्या संख्या कोणत्या? रळियातने मला समोर ओढले. मी पूर्ण रिकामी होते. तिची बोटे माझ्यावरून फिरू लागली, खिळा बसवताना दाबतात तशी एकेका भोकावर दाबत. या ओळीत हे, खालच्या ओळीत ते. तिथे काही नव्हते, आणि तिथे सगळे होते.

"लिही. छपराखाली एक अधिक बाराशे चोवीस. म्हणजे बाराशे पंचवीस. छपराबाहेर..." तिची बोटे एका ओळीवर थांबली, मागे गेली, पुन्हा पुढे आली. "पस्तीस. त्यातून एक गेला, चौतीस. अर्धे सतरा. लिही, सतरा आणि अठरा."

मित्रांनो, मी गणितासाठी जन्मले. त्या पन्नास मिनिटांत माझ्यावर एकही खिळा नव्हता, आणि माझ्यावर इतके मोठे गणित त्याआधी कधी झाले नव्हते, नंतरही झाले नाही. मी नुसती तिच्या बोटांखाली पडून होते आणि थरारत होते.

घंटा झाली तेव्हा पर्यवेक्षक समोर येऊन उभे राहिले. त्यांच्या धोतराचे गुडघे धुळीने माखले होते. त्यांनी रुमालाची पुरचुंडी रळियातच्या हातात दिली. "एकशे अठरा मिळाले. तीन कुठे गेले कळत नाही."

"राहू द्या साहेब, आता पेपर झाला."

"राहू द्या कसं?" ते म्हणाले आणि पुन्हा वाकून कपाटाखाली हात घालू लागले.

जूनमध्ये निकाल लागला. सगळ्या विषयांत पास. गणितात सदुसष्ट. वशरामभाईंनी कारखान्यात सुक्या कचोऱ्या वाटल्या. पण रळियातने परीक्षेहून आल्यावर सगळा पेपर आठवून माझ्यावर पुन्हा सोडवला होता, तिच्या हिशेबाने एकाहत्तर व्हायला हवे होते. ती चार गुण शोधत बसली. तीन दिवस शोधत होती. चौथ्या दिवशी ओसरीवर एकटीच मोठ्याने हसली.

"वजा वजा अधिक! मी वजाच ठेवलं!"

"पास झालीस ना?" पुरीबेन म्हणाली. "आता चुका कशाला उकरतेस?"

"माझ्याच आहेत त्या, बा."

त्याच आठवड्यात भानुमतीबेन बसने आल्या. ओसरीवर बसून त्यांनी पाणी घेतले आणि म्हणाल्या, "मी घाबरले होते, रळियात. तुझ्यासाठी म्हणत होते, पण माझ्यासाठी घाबरले होते." त्यांनी पिशवीतून खालच्या वर्गातल्या चार मुलींच्या नावांचा कागद काढला. सुटीत या मुली येतील, त्यांना शिकवशील का, असे विचारले.

रळियात पुढे कॉलेजात गेली, बँकेत लागली आणि दर सुटीत ओसरीवर मुली जमत राहिल्या. किती आल्या, मी मोजले नाही. त्यातली एक सांगते आणि थांबते. वनिता नावाची मुलगी होती. माझ्यावर तिचा हात असा चाले की रळियातबेन स्वतः गप्प बसून ऐकत. दहावीच्या मध्यावर, ऐन नोव्हेंबरात, ती एकदा आली आणि म्हणाली, "बेन, मला गणित सोडून संगीत घ्यायचंय."

मी हिरमुसले. खोटे कशाला बोलू? रळियातबेननी हातातला खिळा डबीत ठेवला.

"कठीण वाटतं म्हणून?"

"नाही बेन. येतं मला. पण मला गायचंय."

"फॉर्म गेले असतील. बाहेरून बसावं लागेल. घरी शिकवायला कुणी नसेल."

"माहीत आहे."

"मग गा बघू काहीतरी," रळियातबेन म्हणाल्या.

वनिता गायली. दोन कडवी गायली. संपल्यावर रळियातबेन म्हणाल्या, "दुसऱ्या कडव्यात सूर चुकला."

"हो," वनिता म्हणाली, आणि तिच्या आवाजात इतका आनंद होता की मला तिचा राग धरता आला नाही. त्याच दुपारी तिचा नवा फॉर्म भरला गेला.

मित्रांनो, आता माझे बरेच कोपरे झिजले आहेत. काही भोकांना आठऐवजी सातच उरलेत. बोलणारी यंत्रे आली आहेत, ती चांगली आहेत. पण अजूनही कुठल्या शाळेच्या कपाटावर माझी एखादी बहीण धूळ खात पडली असेल. ती दिसली तर खाली काढा. पुसा. तिचे खिळे मोजून डबीत ठेवा. मग जी मुलगी ती मागेल तिच्या हातात द्या. जी मागणार नाही, तिला एकदा विचारा. आणि ती नको म्हणाली, तर तिला काय हवे आहे तेही विचारा.